मुलगी उपवास वाढवत चाललीय, जेवण टाळतीय.. कुणाला अनुभव आहे का?

येळ्ळूरची_माय | १६ जून, रात्री ११:५०

नमस्कार सगळ्यांना. मी इथं वाचते रोज, लिहिते कधीतरी. धागा पहिल्यांदाच काढतीय, चुकलं तर सांभाळून घ्या. लांबलंय पण.

माझी मुलगी १५ वर्षांची, यंदा एसएसएलसीला, म्हणजे इकडं कर्नाटकात दहावीला. गेल्या गणपतीपर्यंत चांगली गुबगुबीत होती, आमच्याकडं सगळेच अंगानं भरलेले. दिवाळी झाली आणि तिनं संकष्टी धरली. मला बरंच वाटलं, म्हटलं दहावीचं वर्ष येतंय, देवाचं करतीय. मग एकादशी. मग सोमवार. मग शुक्रवार पण. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या नातीला देवाची गोडी लागली म्हणून. साबुदाणा केला तर तेलकट नको, वरी नको, मग नुसतं केळं, मग अर्धं केळं, मग ताक. आता उपवासाच्या दिवशी पोरीला खा खा म्हणून मागं लागायचं हे आपल्यात बरं दिसतं का सांगा, मी पण गप्प बसले.

उपवास नसेल त्या दिवशी ताट घेऊन माडीवर जायची, अभ्यास करत खाते म्हणायची. ताट रिकामं खाली यायचं. संशय कसा यावा? परवा सकाळी शेण काढायला गेले तर म्हशीच्या गव्हाणीत वैरणीच्या खाली भाकरीचे तुकडे. चतकोर चतकोर नीट केलेले. एका तुकड्याला शेंगाचटणी लागलेली, आदल्या रात्री मीच वाढलेली. म्हशीनं बाकीचे खाल्ले असणार, तिखटाचा तेवढा ठेवला. मी तिथंच उकिडवी बसून राहिले, शेणाचा हात तसाच.

मग एकेक आठवायला लागलं. न्हाणीत केसांचा गुंता सापडतो. हात कायम गार, मे महिन्याच्या उन्हात स्वेटर घालून बसलेली. पाळी फेब्रुवारीपासून नाही, एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळी खाल्ली की येते, थांबवली की बंद. वजन कुणी केलं नाही, जेवतेस काय कुणी विचारलं नाही.

आणि मला अजिबात कळेना ते हे: जी पोरगी घास खाईना ती दिवसभर मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघतीय. मागच्या रविवारी दोन लिटर दुधाचा कुंदा केला, दीड तास कढईजवळ उभी, सगळ्यांना वाटी वाटी दिली आणि मी संपवतीय का नाही बघत उभी राहिली. स्वतः उलथनं सुद्धा चाटलं नाही.

नवरा म्हणतो वयाचं आहे, जाईल. सासूबाई म्हणतात देवाच्या आड येऊ नको. बाहेरच्या बायका म्हणतात किती छान बारीक झाली, काय करता आम्हाला पण सांगा की. मी कुणाचं ऐकू?

---

कुंदाप्रेमी | १७ जून, सकाळी ७:१०

दोन लिटरचा कुंदा घरात? भारीच की पोरगी!

सॉरी ताई, मधूनच वाचून लिहिलं. आता सगळं वाचलं. डॉक्टरला दाखवा लगेच.

---

तात्या_खानापूर | १७ जून, सकाळी ९:३२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या वेळी ताटात पडेल ते खायचं, नाही तर उठायचं. हे सगळं मोबाईलमुळं आणि शहरी थेरं. मोबाईल काढून घ्या, दोन दिवस लक्ष देऊ नका, भूक लागली की आपोआप चुलीपाशी येईल. भूक लागल्यावर कोण राहिलंय काय उपाशी?

---

निपाणीकर_सून | १७ जून, सकाळी ११:०५

तात्या प्लीज.

ताई, वजन किती आहे आता आणि उंची? म्हणजे अंदाज येईल.

---

शहापूर_गल्ली | १७ जून, दुपारी २:२०

आधी एक विनंती सगळ्यांना, या धाग्यावर आकडे लिहू नका. वजनाचे, कॅलरीचे, कंबरेचे, कसलेच. असले धागे आया वाचतात त्याच्या दुप्पट पोरी वाचतात, आणि आकडा दिसला की त्याच्याशी स्पर्धा लावतात. मी लावायचे म्हणून सांगतीय.

होय, मी त्यातलीच. आता ३१ वर्षांची आहे, एक पोर आहे. पीयूला (अकरावी-बारावीला) असताना दोन वर्षं उपाशी राहायचे आणि मग रात्री उठून डब्यातलं दिसेल ते खायचे, लाडू, शिळी भाकरी, लोणच्याचा खार, कच्चे पोहे सुद्धा, आणि मग न्हाणीघर. नळ सोडून ठेवायचा म्हणजे आवाज येत नाही. घरात पाच माणसं, एकाला कळलं नाही. कळलं कुणाला? दाताच्या डॉक्टरला. दाढ दुखते म्हणून गेले तर त्यानं आरशानं वरच्या दातांची मागची बाजू बघितली आणि आईला बाहेर बसायला सांगितलं. उलटीच्या आंबटानं आतून झिजले होते. दहा मिनिटं तो काहीच बोलला नाही, मग म्हणाला बाळ किती दिवस चाललंय हे?

त्या "बाळ"वर मी फुटले.

तात्या, भूक लागली की येईल म्हणता ना, भूक लागतेच ओ. भूक लागूनही बसून राहता येतं यातच त्या वयात सगळी मर्दुमकी वाटते. परीक्षेत नंबर येवो न येवो, घरात कुणी ऐको न ऐको, ताटाला नाही म्हटलं की आपण जिंकलो. कसं समजावू तुम्हाला.

येळ्ळूरच्या ताई, गव्हाणीतलं सापडलं म्हणून तिला तिथंच धरून विचारू नका. दुसरी जागा शोधेल.

---

डॉ_पण_सुट्टीवर | १७ जून, रात्री १०:१५

मी बेळगावचाच, सध्या पुण्यात. न बघता निदान करत नाही, पण वाट बघायची वेळ नाही एवढं सांगतो.

वाचून जे वाटतंय त्याला ॲनोरेक्सिया नर्व्होजा म्हणतात. पुस्तकात "क्षुधानाश" लिहितात, मला तो शब्द कधी पटला नाही, भूक नाश झालेली नसते, दाबलेली असते. तात्या, मोबाईल असेल नसेल, पण १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये लासेग या दोन डॉक्टरांनी आपापल्या जागी अशाच पोरींचं वर्णन केलेलं आहे. तेव्हा मोबाईल सोडा, घरात वीज नव्हती.

आता कुंद्याचं. तुम्हाला कळेना म्हणालात ना, त्याचं उत्तर आहे. १९४४-४५ ला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. स्वखुशीनं आलेले होते सगळे. महायुद्धात उपासमार झालेल्यांना परत खायला कसं घालायचं ते शोधायचं होतं. तर ते बाप्ये काय करायला लागले? पाककृतींची पुस्तकं गोळा करायला. एक घास चिवडत बसायला, ताट चाटायला, चिडायला, उन्हाळ्यात पांघरूण घ्यायला. त्यांना कुणाला बारीक व्हायचं नव्हतं, इन्स्टाग्राम नव्हतं. पोट फार दिवस रिकामं राहिलं की डोकं अन्नाभोवतीच फिरतं. तुमची मुलगी कढईपाशी दीड तास उभी होती ती त्यामुळं.

काय करायचं: नाडी, झोपून आणि उभं राहून बीपी, ईसीजी, रक्तात पोटॅशियम फॉस्फेट मॅग्नेशियम साखर हिमोग्लोबिन. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून "काही नाही" म्हणत परत येऊ नका, शरीर शेवटपर्यंत निभावून नेतं आणि एकदम बसतं. जागेपणी नाडी ५० च्या खाली, उभं राहिल्यावर अंधारी, बेशुद्ध पडणं, छातीत धडधड, यातलं एक जरी असेल तर नंबर लावत बसायचं नाही, थेट इस्पितळ.

आणि घाबरून उद्यापासून तूपभात कोंबू नका. फार दिवस उपाशी माणसाला एकदम खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली जातं, हृदय बंद पडू शकतं. जपान्यांच्या छावण्यांतून सुटलेल्या युद्धकैद्यांत हे बघितलंय लोकांनी, सुटले आणि जेवून गेले. सुरुवात डॉक्टरांच्या नजरेखाली.

पाळीच्या गोळ्या: गोळीनं येते ती आपली पाळी नव्हे, गोळी थांबवल्यावरचा रक्तस्राव आहे तो. त्यानं सगळं ठीक वाटतं आणि हाडं आतून कच्ची राहतात. हाडं याच वयात भरतात.

---

सीमावासी_५६ | १८ जून, सकाळी ८:००

इस्पितळात गेलात की फॉर्म कन्नडात, पाटी कन्नडात, गोळीची चिठ्ठी कन्नडात, मराठी माणसानं जायचं कुठं? ही पण एक उपासमारच आहे, १९५६ पासून

---

निपाणीकर_सून | १८ जून, सकाळी ८:२५

काका, तुमचं दुःख मान्य, त्याचे चार धागे आधीच आहेत. इथं एक पोरगी जेवत नाही.

---

पीटी_मास्तर | १८ जून, रात्री ९:४५

लिहू की नको विचार करत होतो.

मी हायस्कूलला पीटी शिकवतो, गावाचं नाव सांगत नाही. कबड्डी, कुस्ती, जूदो सगळीकडं वजनाची अट असते. स्पर्धेच्या आधी काट्यावर उभं करतात. चार वर्षांमागं एक चढाईची पोरगी थोडी वर भरायली म्हणून मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अगं जरा भात कमी कर, नाही तर बाकड्यावर बसशील." गंमतीनं. पोरीनं भात कमी केला नाही, बंद केला. मी मात्र टीमला तिचं उदाहरण देत होतो, बघा कशी जिद्द आहे म्हणून. तालुक्याच्या मॅचला पहिल्या चढाईला गेली आणि रेषेपाशीच बसली खाली. डोळे उघडे, पण कळत काही नव्हतं तिला.

बरी आहे ती आता. तिचा बाप अजून मला नमस्कार करतो. मला वाटतं त्याला माहीत नाही.

आमच्याकडं दर आठवड्याला निळ्या लोहाच्या गोळ्या वाटतात, पोरी घेतात, काही जणी ओढणीत लपवतात. कुणाच्या डब्यात काय आहे आणि कोण डबा उघडतच नाही हे पीटीवाल्याला आणि शिपाईमावशीला बरोबर माहीत असतं. विचारत कुणी नाही आम्हाला.

---

तात्या_खानापूर | १८ जून, रात्री १०:३०

वाचतोय.

---

चिक्कोडी_ग्रंथपाल | १९ जून, सकाळी १०:१२

उपवासाचं वाचून एक आठवलं. इटलीत सिएनाची कॅथरीन म्हणून संत होऊन गेली, देवासाठी म्हणून खाणं सोडत सोडत १३८० साली ३३व्या वर्षी वारली. तिचे धर्मगुरूसुद्धा तिला जेव म्हणायचे, ऐकायची नाही. म्हणजे देव आडवा धरायची युक्ती आपल्याकडचीच आहे असं नाही.

दुसरं, तात्यांच्या बाजूनं थोडं बोलतो. फिजी बेटांवर १९९५ ला एका भागात टीव्ही पहिल्यांदा आला. ॲन बेकर नावाच्या अमेरिकन बाईनं तेव्हा शाळकरी पोरींना विचारलं, वजनासाठी उलटी काढतेस का? एकही नाही. तीन वर्षांनी, १९९८ ला विचारलं तर ११ टक्क्यांच्या वर. आणि तिथं आधी अंगानं भरलेली बाईच देखणी समजायचे, आपल्या आज्ज्यांसारखं. तेव्हा पडद्याचा हात नाही असं नाही. पण पडदा काढून घेतला म्हणून आजार जात नाही, तात्या.

---

येळ्ळूरची_माय | २१ जून, संध्याकाळी ६:४०

सगळ्यांचे खूप खूप आभार. इस्पितळातनं लिहितीय.

बुधवारी रक्त तपासायचंय म्हणून नेलं. आली गुपचूप. नाडी ५० च्या आत निघाली, उभं केलं तर बीपी खाली. डॉक्टरबाईनी ॲडमिटच करून घेतलं. नवरा बाहेर व्हरांड्यात उभा होता, त्याला ईसीजीचा कागद दाखवला तेव्हा त्याचा चेहरा.. असो. त्या दिवसापासून "वयाचं आहे" म्हणाला नाही.

एक गंमत सांगते, गंमत नव्हे खरं तर. आपल्याकडं कुणीही भेटलं की पहिलं विचारतात "ऊटा आतेन?", जेवण झालं का? वॉर्डातली नर्स सकाळी विचारती, झाडणारी विचारती, शेजारच्या कॉटवरची सौंदत्तीची आज्जी विचारती. आणि माझी पोरगी प्रत्येकाला हसून "आत्री" म्हणती. झालं म्हणे. मराठीत तिला खोटं बोलताना मी ओळखते, कन्नडात एवढं सहज म्हणाली की मला पण क्षणभर वाटलं जेवलीच.

समुपदेशक बाई चांगल्या आहेत पण कन्नड आणि इंग्लिश. पोरगी मराठी शाळेतली, दुकानापुरतं कन्नड येतं, मनातलं कुठलं सांगता येणार. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईच तोडक्या मराठीत म्हणाल्या "तू वाईट मुलगी नाही. तुला आजार आहे. मला राग आजारावर आहे." ते ऐकून उशीत तोंड घालून रडली. किती महिन्यांनी रडली.

मला विचारलं तू गव्हाणीत बघितलंस ना? म्हटलं होय. म्हणाली मला वाटलंच, दुसऱ्या दिवशी तू भाकरी लहान केलीस.

---

शहापूर_गल्ली | २१ जून, रात्री ८:०२

😭 ताई तुम्ही खूप चांगलं केलंत.

भाषेचं: १४४१६ हा टेलिमानसचा, मनाच्या त्रासाबद्दल बोलायचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्री पण लागतो, भाषा निवडता येते, मराठी आहे. २०२२ पासून चालू आहे. डॉक्टरची जागा घेणार नाही पण बोलायला माणूस मिळतो. धारवाडला डिम्हान्स आहे, मानसिक आजारांचं सरकारी इस्पितळ, कित्तूर ओलांडलं की तासाभरात. निपाणी संकेश्वरकडच्यांना कोल्हापूर जवळ पडेल.

---

नाव_नको | २३ जून, रात्री १:१४

मी पीयू फर्स्टला आहे. शहापूर दीदींनी लिहिलंय तसंच माझं आहे, रात्रीचं. पण माझं वजन नॉर्मल आहे, कुणी बघून म्हणणार नाही की हिला काही झालंय. हे पण आजारच आहे का, का मी नुसती खादाड आहे. आईला सांगितलं तर ती म्हणेल खर्च करून शिकवतो आणि तू असले धंदे

---

शहापूर_गल्ली | २३ जून, सकाळी ६:२०

आताच उठून बघितलं गं. आजारच आहे. खादाड नाहीस. मला पण सगळे म्हणायचे तब्येत छान आहे तुझी.

घरात आईच पाहिजे असं नाही, आत्या मावशी वर्गटीचर कुणीही एक मोठं माणूस निवड ज्याच्यासमोर तुला रडायची लाज वाटत नाही. सांगता येत नसेल तर हा धागा उघडून फोन हातात दे. तेवढंच. पुढचं ते बघतील.

---

डॉ_पण_सुट्टीवर | २३ जून, सकाळी ९:००

बाळ, याला बुलिमिया म्हणतात, १९७९ ला जेराल्ड रसेल यांनी नाव दिलंय, वजन नॉर्मल असणं हेच याचं मोठं लपायचं ठिकाण. एकच तपासणी तातडीची: रक्तातलं पोटॅशियम. सारख्या उलट्यांनी ते उतरतं आणि हृदयाचे ठोके चुकतात, बाहेरून काही दिसत नाही. पाय लुळे पडल्यासारखे वाटले, धडधडलं तर त्याच दिवशी जायचं. बाकी याला बोलण्याचे उपचार आहेत, औषध पण आहे, आणि बऱ्या होतात पोरी. तुझ्या दीदी आहेत की इथं.

बाकीच्यांसाठी: आपल्याकडच्या पोरी "मला जाड व्हायची भीती वाटते" असं म्हणतीलच असं नाही. हाँगकाँगच्या सिंग ली यांनी १९९० च्या सुमारास हेच लिहिलंय, तिथल्या बऱ्याच जणी म्हणायच्या पोट फुगलंय, जात नाही. आपल्याकडं मग गॅसच्या गोळ्या, मग सोनोग्राफी, मग दृष्ट काढणे, मग एखादा अंगारा, आणि शेवटी आम्ही.

---

येळ्ळूरची_माय | ८ जुलै, रात्री १०:५५

अपडेट द्यायला उशीर झाला. घरी आलोय, १३ दिवस झाले.

डॉक्टरबाईनी सांगितलेली पद्धत अशी की काही महिने ताटाचा ताबा आईबापाकडं. काय वाढायचं, किती वाढायचं ते आम्ही ठरवायचं, तिनं नाही. तीन जेवणं, मध्ये तीनदा काहीतरी. समोर बसायचं, संपेपर्यंत उठायचं नाही, आणि जेवणाबद्दल बोलायचं नाही. लंडनच्या मॉड्स्ली इस्पितळात ऐंशीच्या दशकात निघालेली पद्धत म्हणे. ऐकायला सोपं. पहिल्या रात्री एक भाकरी, वांग्याची भाजी आणि वाटीभर आमटी संपायला एक तास वीस मिनिटं. भाजीतलं तेल भाकरीनं टिपून ताटाच्या कडेला लावून ठेवती. मी गप्प. ती म्हणाली "तू माझी आई नाहीस, पोलीस आहेस." मी म्हटलं बरं. तिनं ताट सरकवलं, आमटी सांडली, मी पुसलं, दुसरी वाटी वाढली. आत जाऊन रडून आले, परत बसले. नवरा कॅरम घेऊन बसायचा समोर, एकटाच दोन्हीकडून खेळायचा, हरायचा, चिडायचा स्वतःवरच, मग तिनं पाचव्या दिवशी म्हटलं "पप्पा क्वीन घ्या आधी."

घरातला वजनकाटा दिराकडं दिला. न्हाणीघराची आतली कडी काढली, यावरनं मोठं भांडण. दोनदा ताट तसंच राहिलं, एकदा माझा हात उठला, तो मी धरला पण तिनं बघितला. सगळं छान चाललंय असं नाही, माझ्या पाठीत उसण भरलीय बसून बसून.

खरी भीती होती परवाच्या आषाढीची. आमच्या घरात माळ आहे, आषाढीला चूल पेटते ती फराळापुरती. सासूबाईंना डॉक्टरांनी बोलावून सांगितलं होतं तरी मला वाटलं म्हातारी काहीतरी बोलणार. सकाळी पोरगी आंघोळ करून आली, म्हणाली आज तरी माझा उपवास. मी काही बोलायच्या आत सासूबाई देवघरातनं उठल्या, तिला जवळ बसवलं, तिच्या हातावर पळीभर पाणी घातलं आणि ते आपल्या ओंजळीत घेतलं. म्हणाल्या "तुझे सगळे उपवास मी घेतले. एकादशी, सोमवार, शुक्रवार, संकष्टी, सगळे माझ्याकडं. विठ्ठलाला मी सांगते. तू जेव." आणि स्वतः उठून भात टाकला. आषाढीच्या दिवशी. ७४ वर्षांची बाई, तिच्या हातनं त्या दिवशी भात शिजलेला मी या घरात कधी बघितलेला नाही.

पोरीनं दोन घास कमी खाल्ले, पण खाल्ले.

---

तात्या_खानापूर | ८ जुलै, रात्री ११:२०

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मी पहिल्या दिवशी लिहिलं ते काढून टाकता येतं का बघितलं, येत नाही.

---

शहापूर_गल्ली | ८ जुलै, रात्री ११:३१

राहू दे तात्या. निम्म्या घरात तेच बोलतात, निदान खाली उत्तर तरी आहे.

---

सीमावासी_५६ | ९ जुलै, सकाळी ७:४०

आज्जींना दंडवत. बाकी त्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंचं... तोडकं का असेना मराठी बोलल्या. बरं वाटलं.

---

नाव_नको | १५ जुलै, रात्री ९:१०

आत्याला सांगितलं. शुक्रवारी धारवाडला जाणार आहे तिच्याबरोबर. तिनं आईला काय सांगितलं माहीत नाही पण आई काल माझ्या खोलीत झोपायला आली, काही बोलली नाही.

---

पीटी_मास्तर | १५ जुलै, रात्री ९:५०

शाब्बास.

मी पण एक केलंय. वजन आता एकेकीला बोलावून आत करतो, शिपाईमावशी असतात, आकडा मोठ्यानं वाचायचा नाही. हेडमास्तर म्हणाले वेळ जातो. जाऊ दे म्हटलं.

---

निपाणीकर_सून | १ ऑगस्ट, दुपारी ३:३०

येळ्ळूरच्या ताई, पंचमी कशी झाली? लई दिवस झाले काही नाही.

---

येळ्ळूरची_माय | २ ऑगस्ट, रात्री ९:२५

आहे की. शेतात रोप लावणीची गडबड, त्यात पंचमीचे लाडू.

वजन हळूहळू सरकतंय, मध्ये एक आठवडा खाली पण आलं. मापताना ती काट्याकडं पाठ करून उभी राहते, डॉक्टरबाई लिहून घेतात, आम्ही विचारत नाही. पाळीचं अजून नाही, वेळ लागेल म्हणाल्या, त्या गोळ्या बंद केल्या. शाळेत एका बाईनी "आता बरी दिसतीस गं, भरलीस" म्हटलं आणि घरी येऊन दोन दिवस परत तेच. त्या बाईंचं काही चुकलं असं नाही, चांगलंच बोलल्या बिचाऱ्या. आता मी शाळेत जाऊन सांगून आलेय, दिसण्यावर काहीच बोलू नका, बरं नाही वाईट नाही.

पंचमीला अंगणातल्या चिंचेला झोका बांधला. लाडू तिनंच वळले शेंगदाण्याचे, मी म्हटलं यावेळी मी वळते तर नको म्हणाली. मग सगळ्यांना द्यायला लागली तसा नवरा म्हणाला, आधी तू. अख्खं घर थांबलेलं. अर्धा खाल्ला, झोक्यावर बसून, पंधरा मिनिटं लावली असतील. उरलेला अर्धा हातात घेऊन बसली होती, मला वाटलं आता गोठ्याकडं जाती. माझ्याकडं आली, म्हणाली हा तू खा, आज एवढाच. खाल्ला मी.

---

कुंदाप्रेमी | २ ऑगस्ट, रात्री ९:४०

ताई ❤️ म्हैस काय म्हणतीय मग?

---

येळ्ळूरची_माय | २ ऑगस्ट, रात्री ९:५२

दूध कमी द्यायलीय. भाकरी बंद झाली की ओ तिची.